फोर्ट ते मस्जिद बंदर हेरिटेज वॉक: पहिला अर्धा पैसा वसूल, दुसऱ्या अर्ध्याला बाबा लागले

गेल्या महिन्यात एका रविवारी मी आणि ऑफिसातली मैत्रीण 'मुंबईच्या जुन्या व्यापारी इमारती' असा एक हेरिटेज वॉक करून आलो. माणशी ९०० रुपये, सकाळी साडेसातला हॉर्निमन सर्कलला जमायचं, साडेदहाला मस्जिद बंदरला संपणार, मधली टॅक्सी आणि शेवटचा इराण्याकडचा चहा-बन मस्का त्यातच. ग्रुपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पोरं मेहनती आहेत आणि मला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये, पण काही गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही म्हणून हे एवढं लांबलचक टाइप करतेय. पाचपैकी साडेतीन. त्यातले तीन फोर्टचे आणि अर्धा मस्जिदचा, तोही त्या एका गोष्टीसाठी जी मला जन्मात माहीत नव्हती, ती पुढं सांगते.

आधी चांगलं. आमची गाईड तिशीच्या आतबाहेरची असेल, आवाज खणखणीत, हातात लॅमिनेट केलेले जुने नकाशे आणि फोटो, आणि मुख्य म्हंजे पाठ केल्यासारखं बोलत नव्हती. हॉर्निमन सर्कलच्या बागेत उभं करून तिनं पहिलाच प्रश्न टाकला, इथं काय होतं सांगा. कुणी म्हणालं तळं, कुणी म्हणालं घोड्यांचा तबेला. तर इथं मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन, आणि त्यावर कापसाच्या गासड्यांचे ढीग लागायचे! टाउन हॉल १८३३ ला बांधून झाला, तेव्हा त्या मोठ्या दगडी खांबांसमोर उघड्यावर कापूस पडलेला असायचा. १८४४ ला कापसाचा बाजार तिथून उचलून कुलाब्याला नेला आणि पुढं विसाव्या शतकात तिथून शिवडीकडं भराव घातलेल्या जमिनीवर, म्हंजे आपलं कॉटन ग्रीन स्टेशन. मी हार्बर लाईननं इतकी वर्षं जातेय, कॉटन ग्रीनमधलं ग्रीन म्हंजे हिरवं असंच डोक्यात होतं, ते मैदानावरून आलंय हे आत्ता कळलं.

मग त्या रिकाम्या मैदानाभोवती गोल इमारती उभ्या राहिल्या त्याची कथा. डोकं होतं चार्ल्स फोर्जेटचं, हा मूळचा पोलीस कमिशनर. १८६०च्या दशकात किल्ल्याच्या भिंती पाडल्या गेल्या, जमीन मोकळी झाली, आणि नेमका त्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. १८६१ ते १८६५. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून सगळ्यांच्या उड्या आपल्या कापसावर, आणि मुंबईत अक्षरशः पैशाचा पाऊस. नवीन बँका, नवीन कंपन्या, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर. प्रेमचंद रायचंद म्हंजे त्या खेळाचा राजा. १८६५ ला तिकडं युद्ध संपलं आणि इकडं सगळं पत्त्याच्या बंगल्यासारखं खाली आलं. गाईडनं हे सांगताना हात वर करून त्या गोल कमानी दाखवल्या आणि म्हणाली, हे सगळं तेजीच्या पैशातलं बांधकाम आहे, तेजी गेली, दगड राहिला. (माझ्या शेजारचे काका लगेच म्हणाले, आमचं पण तसंच, म्युच्युअल फंड गेले, फ्लॅट राहिला.) राजाबाई टॉवरला प्रेमचंद रायचंदांच्या आईचं नाव आहे हे माहीत होतं, पण ज्या माणसाचं दिवाळं निघालं त्याच्याच देणगीतून ते उभं राहिलं हे असं सलग कुणी सांगितलं नव्हतं.

वॉटसन हॉटेल बाहेरूनच बघितलं, काळा घोड्याजवळची ती एस्प्लनेड मॅन्शन. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडात तयार करून, तुकडे बोटीनं आणून इथं नट-बोल्टनं जोडलेला, १८६७ ते १८६९. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवला तो इथं. आता तिच्याकडं बघून वाईट वाटतं, जास्त लिहीत नाही.

तिथून टॅक्सीनं क्रॉफर्ड मार्केट. टॅक्सीत गाईड आमच्यातच होती म्हणून आम्हाला एक बोनस कथा मिळाली, बाकीच्या टॅक्सीतल्यांना नाही मिळाली, हा पण एक मुद्दा आहे की जे सांगायचं ते सगळ्यांना सांगा ना. कथा सुएझ कालव्याची. नोव्हेंबर १८६९ ला कालवा उघडला. तोपर्यंत बोटींना अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून यावं लागायचं, आणि त्या वळशाच्या हिशेबात कलकत्ता काय, मद्रास काय, मुंबई काय, फार फरक नव्हता. कालवा झाला आणि विलायतेहून येणाऱ्या बोटीला मुंबई हा पहिला मोठा धक्का झाला. मग १८७३ ला पोर्ट ट्रस्ट, १८७५ ला ससून डॉक, १८८० ला प्रिन्सेस डॉक, १८८८ ला व्हिक्टोरिया डॉक, असं धडाधड. हजारो मैलांवर कुठंतरी वाळूत एक चर खणला आणि इकडं मांडवी-मस्जिदमधल्या वखारींचं भाडं वाढलं असणार, हे माझं गणित, तिचं नाही, पण मला लय आवडलं.

क्रॉफर्ड मार्केट तिनं मस्त दाखवलं. इमर्सनचं डिझाईन, १८६९ ला बांधून झालं, १८८२ ला वीज आली, हिंदुस्थानात विजेचे दिवे लागलेली पहिली इमारत म्हणून सांगतात. दरवाज्यावरची ती कोरलेली चित्रं लॉकवुड किपलिंगची, आणि त्यात राजे-राण्या नाहीत, शेतकरी आहेत. मी तिथून शंभर वेळा तरी पिशव्या घेऊन धक्के खात गेलेय, मान वर करून एकदाही बघितलं नव्हतं. आणि त्याचं आताचं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई, ज्यांच्या घराचा फुलांचा धंदा होता आणि जे आयुष्यभर शेतकऱ्याच्या बाजूनं लिहीत राहिले. दारावर शेतकरी आणि पाटीवर फुले, कुणी ठरवून केलं नसेल पण जमून आलंय. हे गाईडनं सांगितलं नाही, मी सांगितलं, आणि तिनं वहीत लिहून घेतलं, तेव्हा मला ती आणखीच आवडली.

आता मस्जिद बंदर.

इथं पोचेस्तोवर दहा वाजून गेलेले, एक तासाचा पट्टा अर्ध्या तासात उरकायचा होता. वर रविवार. ज्यानं कुणी हा वॉक रविवारी ठेवलाय त्यानं मस्जिद बंदर आडवारी बघितलेलं नाही हे मी लिहून देते. सगळी शटरं बंद, गल्लीत दोन कुत्री आणि रिकाम्या हातगाड्या एकावर एक चढवून साखळीनं बांधलेल्या. गाईड म्हणाली, आज गर्दी नाही म्हणून इमारती नीट दिसतील, "नाहीतर इथं नुसता गोंधळ असतो". वर बघा, नक्षीदार सज्जा. वर बघा, लाकडी कठडा. वर बघा, गॅलरीचे ओतीव लोखंडी ब्रॅकेट. अर्धा तास आम्ही वरच बघत होतो, माझी मान धरली.

एक गोष्ट मात्र तिनं फक्कड सांगितली, तोच तो अर्धा मार्क. मस्जिद स्टेशनच्या नावातली मशीद ही मशीद नाहीच, ते ज्यूंचं सिनेगॉग आहे. सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ ला सामाजी हसाजी दिवेकर नावाच्या बेने इस्रायली गृहस्थानं बांधलेलं. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणायला लागले आणि तेच नाव बंदराला, स्टेशनाला चिकटलं. दिवेकर! म्हंजे दिवेआगरचे, घरात मराठी बोलणारे ज्यू. मी त्या स्टेशनला हजार वेळा उतरले असेन. आणि १८०३ ची किल्ल्यातली आग पण तिनं चांगली जोडून दिली, किल्ल्यात खच्चून भरलेला देशी बाजार जळाला, मग बरेच व्यापारी बाहेर मांडवी-भुलेश्वरकडं सरकले, म्हणून या गल्ल्या अशा दाट.

पण त्यानंतर मी विचारलं, की या इमारतीत माल वर कसा चढवायचे? तर ती म्हणाली, जिन्यानं. आणि पुढं, "वर बघा".

मला राग यायचं कारण सांगते. माझे आबा म्हंजे आजोबा पाटण तालुक्यातून येऊन दाणाबंदरला, म्हंजे इथल्याच धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. १०० किलोचं पोतं. बाबा शाळेत असताना त्यांचा डबा घेऊन रोज त्या गल्लीत जायचे. मी काय त्या गल्लीची मोठी तज्ज्ञ नाही, भांडुपला वाढलेली मुलगी मी, पण घरात जे ऐकलं त्यात नक्षीदार सज्जा कधीच नव्हता. पेढी होती, गाळा होता, माळा होता, काटा होता. इमारत कुणी डिझाईन केली हे सांगायचं आणि ती दीडशे वर्षं कुणाच्या डोक्यावर चालली हे नाही सांगायचं, मग नऊशे रुपयांत अर्धीच इमारत दाखवली ना तुम्ही.

घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, मंगळवारी सुट्टी काढ, मी नेतो, फुकटात. म्हणून या रिव्ह्यूचा पुढचा भाग त्या ग्रुपचा नाही, बाबांचा आहे, पण ग्रुपवाल्यांनी वाचावा अशी इच्छा आहे.

मंगळवारी अकराला गेलो. तीच गल्ली, ओळखू येईना. मिरचीचा खकाणा इतका की मला आल्या आल्या सात शिंका. हातगाडीवाला "बाजू, बाजू" करत अंगावर येतोय, डोक्यावर पाटी घेतलेला माणूस न बघता बरोब्बर गल्लीच्या मधोमध चाललाय, आणि बाबा, गुडघे दुखतात म्हणून घरात रडणारे माझे बाबा, त्या सगळ्यातून असे सटासट निघालेत की मलाच धावावं लागलं. आधी ते मला ओट्याकडं घेऊन गेले. जुन्या पेढ्यांसमोर दगडी ओटा असतो ना, रस्त्यापेक्षा वर, मला वाटायचं पावसाचं पाणी शिरू नये म्हणून. तेही असेल, पण बाबा म्हणाले, उंची बघ. बैलगाडीच्या पाठीची उंची. गाडी मागं लावायची, पोतं सरळ ओट्यावर ओढायचं, खाली उतरवून परत उचलायचं नाही. ओट्याच्या कडेचा दगड एका जागी खोलगट झिजलेला, गुळगुळीत, हात फिरवला तर आरशासारखा. बाबांनी तिथं चप्पल काढून पाय ठेवला. आबा इथं टेकायचे म्हणाले. मी फोटो काढणार होते, काढला नाही.

मग एका पेढीत शिरलो. मसाल्याचा होलसेल, गादीवर सत्तरीचे कच्छी शेठ. बाबा म्हणाले, "शेठ, जरा पोरीला माळा दाखवता का? माझा बाप इथं पोती वाहायचा." शेठनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "आवो ने, बसा. आधी चहा." त्यांचं मराठी बंबईया पण चोख, आकडे तर आपल्यापेक्षा भारी. मग नोकराला सांगून त्यांनी गाळ्याच्या मागच्या बाजूचा दिवा लावला.

आणि तिथं होतं माझ्या प्रश्नाचं उत्तर. छताला, म्हंजे वरच्या माळ्याच्या जमिनीला, एक चौकोनी भोक, साधारण एक पोतं आडवं मावेल एवढं, त्यावर फळ्यांचं झाकण. त्याच्या बरोब्बर वर, पार आढ्याखाली, सागवानी तुळईला एक लोखंडी कप्पी टांगलेली. खाली दोघं, वर दोघं, मध्ये दोरखंड. पोतं भोकातून वर. जिना फक्त माणसांसाठी, तोही शिडीसारखा उभा. तुळईवर दोरीनं घासून पडलेली खाच मोबाईलच्या टॉर्चमध्ये स्पष्ट दिसत होती, माझी करंगळी पुरी बसेल एवढी. शेठ म्हणाले कप्पी बंद होऊन वीस-पंचवीस वर्षं झाली, आता माल वाशीच्या घाऊक मार्केटला उतरतो, इथं नमुना ठेवायचा आणि फोनवर सौदा करायचा. कांदा-बटाटा ऐंशीच्या दशकात वाशीला गेला, दाणा आणि मसाला नंतर. मग वरचा माळा आता कशाला? तर रिकामे पुठ्ठ्याचे खोके आणि जुन्या वह्या. त्या लाल कापडाच्या लांबट खतावण्या, दोरीनं बांधलेल्या. दिवाळीला त्यांची पूजा अजून करतात, हिशेब कॉम्प्युटरवर असला तरी.

आणि भाडं? बाबांनी सरळ विचारलं, आपली माणसं विचारतातच. शेठ हसले, आकडा सांगितला नाही, एवढंच म्हणाले की चहाचं बिल जास्त येतं. आता हे मला महत्त्वाचं वाटतं कारण वॉकमध्ये गाईडनं मोडकळीला आलेल्या इमारती दाखवून "मालकांची अनास्था" असं म्हणून विषय संपवला होता. अहो, १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४० च्या आसपास गोठवली, ती दशकानुदशकं तिथंच राहिली. १९९९ च्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण चार टक्के कशावर, तर त्या गोठलेल्या भाड्यावर. त्यात पागडी, म्हंजे भाडेकरूनं जागेची जवळजवळ किंमत मोजलेली, तो का सोडेल, आणि मालकाच्या हातात जे येतं त्यात एक तुळई बदलून होत नाही, मग टेकू लावायचा आणि गणपतीचं नाव घ्यायचं. दोघंही चूक नाहीत आणि इमारत मात्र दरवर्षी पावसाळ्यात एक इंच झुकतेय. हे पाच मिनिटांत सांगता आलं असतं. सज्जाची नक्षी यापेक्षा जास्त वेळ घेऊन गेली.

तिथून बाबा भात बाजाराकडं घेऊन गेले. केशवजी नाईक प्याऊ, १८७६ चा, दगडी कारंजं आणि वर घड्याळ. वॉकमध्ये याच्यासमोर आम्ही पाच मिनिटं थांबलो होतो, सुंदर आहे, दुरुस्तीही चांगली झालीये. पण बाबांचं एक वाक्य: दिवसभर गाडी ओढणाऱ्या बैलाला आणि माणसाला पाणी नको? अच्छा! म्हंजे इतका दानधर्म, पण बरोब्बर बाजाराच्या मधोमध, जिथं त्या पाण्यावर सगळा धंदा चालायचा. मग प्याऊच्या पायरीवर बसून बाबांनी मला १९६९ च्या माथाडी कायद्याचं सांगितलं, माथाडींची युनियन उभी करणाऱ्या अण्णासाहेब पाटलांचं सांगितलं, माथाडी बोर्डात नाव लागलं तेव्हा आबांनी गावाला पेढे पाठवलेले ते सांगितलं. माथाडी म्हंजे माथ्यावर ओझं घेणारा, त्या माणसाला पहिल्यांदा पगाराची पावती, फंड, रजा. दाणाबंदरचा कुठलाही इतिहास हे सोडून कसा सांगायचा मला कळत नाही.

आणि १४ एप्रिल १९४४. हे तर वॉकमध्ये हवंच हवं होतं, डॉकची भिंत तिथून दहा मिनिटांवर आहे. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोट, पोटात दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या लगडी एकत्र भरलेल्या. कापसानं पेट घेतला, दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन स्फोट. शेकडो माणसं गेली, आजूबाजूच्या बोटी, गोदामं, आसपासच्या वस्त्या जळाल्या, जळता कापूस आकाशातून पडत होता. आबा तेव्हा मुंबईत नव्हते, पण त्यांच्या खोलीतले जुने लोक म्हणायचे की धान्याच्या वखारी कित्येक दिवस धुमसत होत्या आणि करपलेल्या गव्हाचा वास जाता जात नव्हता. अजूनही १४ एप्रिलला अग्निशमन दलाचा दिवस पाळतात तो त्यात गेलेल्या जवानांसाठी. मस्जिदमधल्या एखाद्या वखारीच्या शेजारी अचानक वेगळ्याच काळातली इमारत दिसली की बाबा म्हणतात, ही स्फोटानंतरची असेल. खरं-खोटं दर वेळी तपासलेलं नाही, पण बघायची सवय लागली.

आता किरकोळ पण महत्त्वाचं, बुकिंग करणाऱ्यांसाठी. जाहिरातीत १२ जणांची बॅच लिहिलेली, प्रत्यक्षात आम्ही २३ होतो, मागच्यांना काही ऐकू येत नव्हतं, छोटा माईक घ्या हो, हजार-बाराशेला मिळतो. टॉयलेटची सोय फक्त सुरुवातीला आणि इराण्याकडं, मध्ये तीन तास काही नाही, बायकांनी पाणी बेतानं प्या. बूट घाला, सँडल नको. चहा-बन मस्का झकास, पण आम्ही पोचलो तेव्हा मस्का संपलेला म्हणून शेवटच्या पाच-सहा जणांना नुसता बन आणि चहा, त्यात मी. मी मेसेज करून हे सगळं कळवलं, माळ्याच्या भोकाचं पण लिहिलं. माईकवर उत्तर आलं नाही. भोकावर मात्र गाईडचा स्वतःचा मेसेज आला, रात्री अकराला, की तुमचे बाबा एखाद्या आडवारी मलाही नेतील का, मानधन देईन.

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, मानधन नको, पण तिला सांग, मंगळवारी ये, अकराच्या आत, आणि रुमाल आण, मिरची उतरते त्या दिवशी.